एक गोळी भोईरची, एक माझी

"मॅडम, पिऊन आलाय हा."

शेखने दारातूनच सांगितलं. त्याने आणि आणखी एका ऑपरेटरने भोईरला दोन्ही दंडांना धरून आणलं होतं. भोईर पाय फाकवून चालत होता, जमीन हलतेय आणि आपण तोल सांभाळतोय असा. त्याला खुर्चीत बसवलं तर तो जवळजवळ खुर्चीच्या बाजूलाच बसला.

मी जवळ जाऊन वास घेतला. घामाचा वास होता, केमिकलचा होता. दारूचा नव्हता.

"कशावरून म्हणतोस?"

"बघा ना मॅडम. जीभ जड झालीय. हात थरथरतायत. अजून काय पाहिजे?"

मे महिन्यातली दुपार होती, साडेतीनचा सुमार. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर होते. कारखान्यातल्या दवाखान्याला ओएचसी म्हणतात. आमची ओएचसी म्हणजे दोन खाटा, एक ऑक्सिजनचा सिलेंडर, औषधांचं कपाट आणि सावंत ब्रदर, म्हणजे आमचा नर्स. सावंत गेटवरून ब्रेथ अ‍ॅनालायझर घेऊन आला. भोईरने कशीबशी फुंकर मारली. आकडा शून्य.

"मशीन बिघडलं असेल," शेख म्हणाला.

सावंतने हाताला सॅनिटायझर चोळलं आणि मशीनसमोर धरलं. आकडा टुणकन वर गेला. मशीन ठणठणीत होतं.

"आता सांग, काय झालं?" मी शेखला विचारलं. शेख शिफ्ट इन-चार्ज. कधी घाबरत नाही. त्या दिवशी तो कपाळाचा घाम पुसायचंही विसरला होता.

त्याने सांगितलं ते समजायला रिअ‍ॅक्टर म्हणजे काय ते आधी सांगते. दोन मजल्यांएवढा प्रेशर कुकर डोळ्यांसमोर आणा. आत एक द्रव असतो, तो सतत ढवळला जातो. वरच्या टाकीतून दुसरा द्रव त्यात थेंबाथेंबाने सोडायचा. याला अ‍ॅडिशन म्हणतात. दोन्ही द्रव भेटले की उष्णता निघते. म्हणून रिअ‍ॅक्टरच्या भोवती गार मिठाचं पाणी फिरवतात, त्याला म्हणतात ब्राइन. ऑपरेटरचं काम म्हणजे एका बॅचचे, म्हणजे एका घाण्याचे, चार तास तापमानावर डोळा ठेवायचा आणि व्हॉल्व्ह केसाएवढा उघडा ठेवायचा. जास्त उघडला तर तापमान चढतं. फार चढलं तर रिअ‍ॅक्शन आपल्या हातात राहत नाही. पुढचं सांगायची गरज नाही.

भोईरचा हात थरथरत होता. त्याने व्हॉल्व्ह नको तेवढा उघडला. तापमान चढायला लागलं, अलार्म वाजला. भोईर काटे आणि अलार्म असलेल्या पॅनेलसमोर उभा होता, अलार्मकडे बघतही होता. पण हललाच नाही. शेख वीस फुटांवरून धावत आला, त्याने व्हॉल्व्ह बंद केला, ब्राइन पूर्ण सोडलं. पाच मिनिटांनी काटा खाली आला. आमच्या भाषेत याला नियर मिस म्हणतात. अपघात दारापर्यंत येऊन परत गेला, एवढाच त्याचा अर्थ.

"मी दोन मिनिटं उशिरा पोचलो असतो ना मॅडम..." शेखने वाक्य पुरं केलं नाही.

मी त्याला बॅचकडे परत पाठवलं.

वसंत भोईर चव्वेचाळीस वर्षांचा. बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातला, घरची थोडी भातशेती, आणि कारखान्यात एकोणीस वर्षं. मी त्याला सहा वर्षं ओळखत होते. सहा वर्षांत तो एकदाही उशिरा आल्याचं मला आठवत नव्हतं. असा माणूस एकाएकी पिऊन ड्युटीवर येईल हे मला पटेना.

साखर तपासली. ठीक. ब्लड प्रेशर जरा कमी, पण ठीक. ताप नाही. चेहरा वाकडा झालेला नाही, दोन्ही हातांत ताकद सारखी, म्हणजे लकवा वाटत नव्हता. त्याला म्हटलं, माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला. त्याचं बोट माझ्या बोटाच्या आजूबाजूला हेलकावे खात राहिलं.

"हे कधीपासून होतंय?"

"आठेक दिवस... मॅडम." एकेक शब्द ओढून काढत होता.

"आणखी काय होतंय?"

"पोट बिघडलंय. दोन दिवस जुलाब. उलटी पण झाली काल."

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"नाही. काही नाही."

हे उत्तर फार लवकर आलं. बाकीची सगळी उत्तरं अडखळत येत होती आणि हे एकच सरळ आलं. मी सावंतकडे बघितलं. सावंत हुशार, न बोलता बाहेर गेला.

मी खुर्ची पुढे ओढली. "भोईर, मी हे कंपनीसाठी विचारत नाही. तुम्हाला काय झालंय ते मला कळलं नाही तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. एवढं गंभीर आहे. आता सांगा."

त्याने बंद दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "लिथियम."



लिथियम हे एक जुनं औषध आहे. ज्यांचं मन कधी वादळासारखं उधळतं आणि कधी महिनोन्महिने चिखलात रुतून बसतं, अशा माणसांना ते देतात. औषध उत्तम, पण कडक शिस्तीचं. रक्तातलं त्याचं प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. पट्ट्याच्या खाली गेलं तर उपयोग नाही, वर गेलं तर विष. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं असतं.

भोईरने तुटक तुटक सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तो आठ दिवस झोपला नव्हता. शेतात एकट्याने विहीर खणायला घेतली होती. सगळ्या गावाला पाणी मी पाजणार, म्हणत होता. मग एक दिवस कुदळ टाकली ती टाकलीच, तीन महिने अंथरुणावर. कंपनीत घरच्यांनी कावीळ म्हणून कळवलं. उल्हासनगरच्या डॉ. मोटवानींनी लिथियम सुरू केलं. तेव्हापासून तो व्यवस्थित होता. गोळ्या उल्हासनगरलाच घ्यायच्या, बदलापुरात ओळखीचे भेटतात. घरी पाकीट फोडून गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरायच्या.

"मला एकदाही का सांगितलं नाहीत? दर वर्षी तुमची तपासणी होते."

"फॉर्मवर लिहिलंय ना मॅडम, 'मानसिक आजार आहे की नाही'. आमच्या लाइनला एकाने 'आहे' वर खूण केली होती. दुसऱ्या दिवशी भंगाराच्या स्क्रॅप यार्डात. सगळे त्याला येडा म्हणायचे. मला दोन मुली आहेत."

 फॉर्म माझ्या आधीपासूनचा होता, पण सहा वर्षं त्यावर सही मीच करत होते.

आता प्रश्न उरला: अकरा वर्षं बिनबोभाट चाललेली गोळी आठच दिवसांत विषारी कशी झाली? मी सावंतला बोलावलं. प्लँटमधून भोईरच्या महिन्याभराच्या लॉगशीट मागवल्या आणि ओएचसीचं रजिस्टर काढलं. लॉगशीट म्हणजे दर अर्ध्या तासाला तापमान लिहून सही करायचा कागद. पहिल्या दोन आठवड्यांत भोईरचे आकडे छापल्यासारखे होते. तिसऱ्या आठवड्यात जरा मोठे. शेवटच्या आठवड्यात चौकटीतून बाहेर सांडलेले, सही ओळखू न येणारी. कुठल्या तारखेपासून अक्षर फिरलं ते बोट ठेवून दाखवता येत होतं.

मग रजिस्टर उघडलं. त्या तारखेच्या तीन दिवस आधी नोंद होती: व्ही. भोईर, ड्रम उचलताना कंबर धरली, डायक्लोफेनॅक, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. पुढच्या पानावर पुन्हा पाच दिवस. त्याच्या पुढे आणखी पाच. पहिली नोंद माझ्या अक्षरात होती.

डायक्लोफेनॅक ही साधी दुखण्यावरची गोळी. घराघरात असते. पण ती आणि तिच्यासारख्या गोळ्या मूत्रपिंडांना लिथियम बाहेर टाकू देत नाहीत. रक्तात ते साठत जातं. त्यात मे महिन्याची भट्टी, प्लँटमध्ये अंगावर प्लास्टिकचा पीव्हीसी सूट, पाणी कमी, घाम जास्त. साठलेल्या लिथियमने जुलाब सुरू झाले, जुलाबाने अंगातलं पाणी आणखी कमी झालं, त्याने लिथियम आणखी साठलं. माणूस दिवसेंदिवस मंद होत गेला आणि सगळ्यांना वाटलं उन्हाचा त्रास. तो रोज दोनदा आमच्याच कपाटातली गोळी गिळत होता.

सावंत माझ्या खांद्यावरून वाचत होता. हळूच म्हणाला, "मॅडम, हे पान दाखवायचंच का?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही तेच वाटलं होतं. मग मी मोबाइल काढून त्याच पानाचा फोटो घेतला, मोटवानींना पाठवला आणि फोन लावला.

मोटवानी फोनवर अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतात. "भोईर? मॅडम, वो मेरा बहुत पुराना पेशंट है. एकदम रेग्युलर. फक्त मागच्या दोन टेस्ट राहिल्या, शिफ्ट बदलली म्हणाला." मग फोटो उघडला असावा. "अरे बापरे. पंधरा दिवस?"

"पंधरा दिवस."

"लिथियम बंद, आपकी गोली भी बंद. सलाइन लावा आणि घेऊन या. लेव्हल आणि किडनीचं आत्ताच्या आत्ता करायचं. मी हॉस्पिटलला सांगून ठेवतो. वेळ घालवू नका मॅडम."

आम्ही ओएचसीतच सलाइन लावलं आणि उल्हासनगरला कंपनीच्या अ‍ॅम्ब्युलन्समधून निघालो. मी पुढे न बसता मागे भोईरजवळ बसले. वाटेत फॉरेस्ट नाक्याच्या आसपास त्याने डोळे मिटले आणि हाकेला ओ देईना. मी खांदा जोरात हलवला तेव्हा कुठे "हं" म्हणाला. पुढची पंधरा मिनिटं मी त्याच्याशी जे सुचेल ते बोलत होते. गावाचं नाव काय, मुली कितवीत आहेत, भात कुठला लावता. त्याने उत्तर दिलं की मी श्वास घेत होते.

तेवढ्यात प्लँट हेड पाठक साहेबांचा फोन आला.

"मॅडम, अल्कोहोल?"

"नाही सर."

"मग? ड्रग्ज?"

"औषधाची रिअ‍ॅक्शन आहे."

"कुठलं औषध? कुणी दिलं त्याला?"

"आपल्या ओएचसीतून दिलेलं. मी लिहून दिलेलं."



"हे तुम्ही लेखी देणार?"

"हो."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या 'ठीक आहे'चा अर्थ कधीच लागत नसे.

हॉस्पिटलात रक्त घेतलं. रिपोर्टला दोन तास लागणार होते. तोवर भोईरची बायको मंदाताई बदलापूरहून आली. हातात पिशवी, पायात एक चप्पल घरातली, एक बाहेरची.

"काय झालं हो मॅडम यांना? फोनवर कोणतरी बोलला पिऊन पडलेत. हे आयुष्यात कधी पीत नाय."

"प्यायले नाहीत. गोळ्यांचं प्रमाण वाढलंय रक्तात."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पटकन आजूबाजूला. "कुठल्या गोळ्या?" हळू आवाजात.

"मला माहीत आहेत, मंदाताई. त्यांनीच सांगितलं."

ती भिंतीला टेकून खाली बसली. अकरा वर्षं नवऱ्याबरोबर तीही हे लपवत आली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मीच गोळ्या काढून द्यायची रोज. हात थरथरायला लागले तवा मला वाटलं आजार परत येतोय. म्हणून एकही दिवस चुकू दिली नाय."

तिचं चुकलं नव्हतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की थरथर वाढली तर गोळी थांबवून डॉक्टरला गाठायचं. बहुतेक मोटवानींनी सांगितलं असेल, अकरा वर्षांपूर्वी एकदा. एकदा सांगितलेलं अकरा वर्षं टिकत नाही.

रिपोर्ट आला. प्रमाण असायला हवं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. पण मूत्रपिंडं बरी होती, थोडा ताण, एवढंच. मोटवानी स्वतः क्लिनिक सोडून आले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला. "डायलिसिस तयार ठेवू, पण लागणार नाही असं वाटतं. सलाइन देऊ, सहा-सहा तासांनी बघू. मॅडम, वेळेवर आणलंत. एक-दो दिन और निकल जाते ना..." इथे त्यांनी मंदाताईकडे बघितलं आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी प्रमाण खाली आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा भोईर उशीला टेकून बसला होता. मंदाताईने गावाकडची जांभळं आणली होती आणि तो एकेक उचलून खात होता. हात अजून जरासे कापत होते, पण जांभूळ बरोबर तोंडात जात होतं. मी दारातच उभी राहून तीन-चार जांभळं जाऊ दिली. मग आत गेले. इतकं हलकं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं.

"मॅडम, शेख कसा आहे?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"बरा आहे. तुम्हाला भेटायला येणार आहे. तुमच्यावर प्यायल्याचा आळ घेतला म्हणून तोंड लपवतोय."

भोईर हसला. मग त्याने विचारलं, "साहेबांना काय सांगितलंत?"

"माझी गोळी तुम्हाला सोसली नाही, एवढंच. तुमचा आजार सांगितलेला नाही. तुम्ही म्हणाल तेवढंच सांगेन."

"सांगा सगळं."

"अहो!" मंदाताई एकदम म्हणाली. "नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तर. मंदा, मी पॅनेलसमोर उभा होतो. अलार्म ऐकू येत होता. हात उचलायचाय हे कळत होतं, पण हात कुठे आहे तेच सापडत नव्हतं. शेख आला नसता तर आमच्या सगळ्या शिफ्टचं काय झालं असतं? लपवायचं तर माझ्या एकट्याच्या जिवावर लपवतो. त्यांच्या नको."

मंदाताई जांभळाच्या बिया कागदात गुंडाळत राहिली.

पुढच्या सोमवारी पाठक साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, तुम्ही मला सांगताय की सायकियाट्रिक पेशंट अकरा वर्षं माझ्या रिअ‍ॅक्टरवर होता."

"हो. आणि अकरा वर्षांत त्याच्या एकाही बॅचबद्दल तुमची तक्रार नाही. मी रेकॉर्ड बघितलं."

"या महिन्यात आहे."

"या महिन्यात माझी गोळी आहे."

ते उठून खिडकीशी गेले. "मी माणुसकीच्या विरोधात नाही. पण आधीच्या नोकरीत मी एक रिअ‍ॅक्टर उडालेला बघितलाय. शेडचं छत कुठे जाऊन पडलं ते शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. मला त्याची कीव करायची नाहीये. मला खात्री पाहिजे."

हा माणूस मला तोपर्यंत फक्त कडक वाटायचा. त्या दिवशी कळलं, तो घाबरलेला होता. आणि त्याची भीती खरी होती.

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते, कारण याबाबत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. मनाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काहींनी झोप येते, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर. त्या काळात माणसाला रिअ‍ॅक्टर, क्रेन, फोर्कलिफ्ट यांच्यापासून लांबच ठेवायचं. त्यात भावनेचा प्रश्न नाही. पण गोळी अंगवळणी पडली, आजार शांत आहे, माणूस नीट काम करतोय, तर केवळ गोळीच्या नावावरून त्याला अनफिट ठरवणं चूक. तसं केलं की बाकीचे दोनच गोष्टी करतात. गोळी लपवतात किंवा गोळी सोडतात. गोळी सोडलेला भोईर म्हणजे आठ रात्री न झोपलेला, विहीर खणणारा भोईर. तो रिअ‍ॅक्टरवर जास्त धोक्याचा.

"आणि उद्या त्याला परत जुलाब झाले तर?" पाठक साहेबांनी विचारलं. प्रश्न अचूक होता.

"तर त्या दिवशी तो पॅनेलवर जाणार नाही. आधी माझ्याकडे येईल. पॅनेलवर परतल्यावर पहिले तीन महिने दर महिन्याला रक्ततपासणी, त्यासाठी लागेल ती सुट्टी, कारण न विचारता. त्याच्या कार्डावर लाल शाईत लिहिलंय, कुठली पेनकिलर द्यायची नाही. डोस बदलला की चार आठवडे दुसरं काम. पण सर, यातला एकेक नियम तो आपल्याला खरं सांगतो यावर उभा आहे."

"सही कोण करणार?"

"मी करणार. मोटवानी करणार. पण आधी आपण त्याची परीक्षा घेऊ. वॉटर ट्रायलवर."

वॉटर ट्रायल म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये केमिकलऐवजी साधं पाणी भरून पूर्ण बॅच चालवायची. पॅनेल तेच, व्हॉल्व्ह तेच, फक्त चुकलं तर नुकसान पाण्याचं. नवीन ऑपरेटरला असंच शिकवतात. एकोणीस वर्षांच्या जुन्या माणसाला तिथे उभं करायचं मला जड जात होतं. भोईरला विचारलं तर म्हणाला, "घ्या ना. मलापण बघायचंय."

त्याआधी दोन महिने गेले. लिथियम पुन्हा सुरू झालं, आधी कमी डोसने. दर आठवड्याचा, मग महिन्याचा रिपोर्ट पट्ट्यात बसला. त्या काळात भोईर गोडाउनला ड्रमांची वजनं लिहीत बसायचा. लोक कुजबुजले. एकाने काहीतरी टोमणा मारला म्हणे. शेखने त्याला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "तू कधीपासून डॉक्टर झालास बे?" त्यानंतर निदान तोंडावर कोणी बोललं नाही.

ट्रायलच्या दिवशी सकाळी दहाला भोईर पॅनेलसमोर उभा राहिला. मी बाजूला स्टुलावर. शेख खाली ब्राइनच्या लाइनजवळ. पाठक साहेब येणार नव्हते, पण तिसऱ्या तासाला आले आणि हात मागे बांधून लांब उभे राहिले. भोईरने वळून पाहिलं नाही.

ठरलं असं होतं की मध्येच कधीतरी इन्स्ट्रुमेंटवाला पॅनेलवर खोटं तापमान चढवेल. कधी, ते मलाही माहीत नव्हतं. तीन तास पाणी थेंबाथेंबाने पडत होतं आणि भोईर दर अर्ध्या तासाला लिहीत होता. माझी पाठ अवघडली. एका क्षणी वाटलं, इन्स्ट्रुमेंटवाला झोपला की काय.

आणि काटा हलला.

अलार्म वाजायच्या आधीच भोईरचा हात व्हॉल्व्हवर होता. व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्या हाताने ब्राइन पूर्ण. मग खाली वाकून ओरडला, "शेख! ब्राइन येतंय का बघ, काटा अजून वर जातोय!" मग घड्याळ बघून वेळ लिहिली. मी सेकंद मोजत होते. अकरा झाले होते.

  खालून शेखने दोन्ही हात वर करून अंगठे दाखवले. पाठक साहेब पुढे आले, लॉगशीट उचलली, वाचली, परत ठेवली.

"भोईर, गुरुवारपासून सेकंड शिफ्ट."

"हो सर."

"आणि पोट बिघडलं तर पॅनेलवर दिसायचं नाही. थेट मॅडमकडे."

"हो सर."

एवढंच बोलणं झालं. पण जिन्याने उतरताना ते माझ्यासाठी थांबले आणि म्हणाले, "तो फॉर्म बदला, मॅडम. तुम्हाला हवा तसा. मी वरून मंजूर करून आणतो."

मी फॉर्म बदलला. आजाराच्या नावाचा रकाना काढून टाकला. त्याऐवजी लिहिलं: गेल्या महिन्याभरात कुठलीही गोळी, सिरप, इंजेक्शन, काढा, डोळ्यांत किंवा नाकात टाकायचं औषध, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं, डॉक्टरने दिलेलं किंवा मेडिकलमधून आणलेलं, घेतलं असल्यास लिहा. कागद माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. एचआरला तीनच शब्दांतला एक जाणार: फिट, अटींसह फिट किंवा तात्पुरता अनफिट.

पहिल्याच फेरीत कळलं की आमचा फोर्कलिफ्टवाला सर्दीसाठी रोज सकाळी अशी गोळी घेतो की मी घेतली तर दुपारपर्यंत उठणार नाही. बॉयलरवरचा एक जण आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी तोडून खात होता, कारण शिफ्ट बदलली की झोप येत नाही. दोघांनाही मनाचा आजार नव्हता. दोघांनाही जुन्या फॉर्मवर मी अनेक वर्षं फिट लिहीत आले होते. दोघांना काही दिवस दुसरं काम दिलं, औषध बदललं, आणि ते परत गेले. लॅबमधली एक केमिस्ट मात्र दोन वर्षं डिप्रेशनची गोळी व्यवस्थित घेत होती. तिच्या बाबतीत करण्यासारखं काहीच नव्हतं. फिट लिहिलं. ती कपाटाला कुलूप लागेपर्यंत उभी होती. मग म्हणाली, "थँक्यू मॅडम," आणि पळालीच.

माझ्या चुकीचा रिपोर्ट मी लेखी दिला. मला मेमो मिळाला, तो फाइलला लागला. योग्यच होतं. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. भोईर अजून रिअ‍ॅक्टरवर आहे. त्याची थोरली मुलगी नर्सिंगला गेली.

चार्ज देताना नवीन डॉक्टरांनी तो फॉर्म हातात घेतला आणि विचारलं, "मॅडम, एका प्रश्नासाठी एवढं लांबलचक वाक्य कशाला?"

म्हटलं, "प्रश्न छोटा होता तेव्हा सगळेच 'नाही' लिहायचे."